चोवीस नानकटाया

आज जरा लांबच लिहितोय, सवडीने वाचा.

आमची पिढी दांडिया बाजार, रावपुऱ्याच्या वाड्यांमध्ये वाढली. घरात ओव्हन नव्हता, आजूबाजूलाही कुणाकडे नव्हता. दिवाळीच्या आठ-दहा दिवस आधी पीठ मळून, डब्यात भरून बेकरीच्या भट्टीवर जायचं. तिथे बायकांची ही गर्दी. बेकरीवाला काळे पत्रे देणार, त्यावर आपणच गोळे करून लावायचे, आणि नंबराची चिठ्ठी पत्र्याच्या कोपऱ्यात खोचायची. मग लांब दांड्याच्या फावड्याने तो पत्रा आत सरकवायचा. तो तुपाचा, वेलचीचा आणि जळत्या लाकडाचा मिळून येणारा वास ज्यांनी घेतलाय त्यांना जास्त सांगायला नको.

माझं वय तेव्हा सहा असेल. आईने मला एकच काम दिलेलं असायचं, मोजायचं. ती एका पत्र्यावर आडव्या आठ आणि उभ्या सहा अशा ओळी लावायची. असे तीन पत्रे. "बारा डझन," आई म्हणायची. ती चौथी शिकलेली. भट्टीतून आल्या की परत मोजायच्या. एका वर्षी मी दोनदा मोजलं आणि ओरडलो, "आई, एकशे बेचाळीसच आल्यात!" बेकरीवाला हसत म्हणाला, "बेन, बे भांगी गई." दोन मोडल्या म्हणे. मोडलेल्यांचे तुकडे काही दिसले नाहीत. पण तो हिशेब मी बरोबर केला होता याचा आईला केवढा अभिमान! वाड्यात सगळ्यांना सांगत होती.

पुढे मी बी.कॉम. झालो, बँकेत लागलो, अडतीस वर्षं आकड्यांत काढली. ही भट्टीची गोष्ट पार विसरून गेलो होतो. मागच्या वर्षी आठवली, ती अशी.

आम्ही कारेलीबागेत खाली, चिरंजीव आणि सूनबाई वरच्या मजल्यावर. नात तेव्हा पावणेपाच वर्षांची. शाळा इंग्रजी माध्यमाची, शेजार गुजराती, घरात मराठी. बडोद्यातल्या आपल्या बहुतेक घरांतलंच चित्र. ती शंभरपर्यंत धडाधड म्हणायची, पण मोजायला सांगितलं की गाडी अशी जायची: "वन, टू, तीन, चार, पांच, छ, सेव्हन..." त्यातही तोंड पुढे आणि बोट मागे. पाच बिया समोर असल्या तर सातपर्यंत पोचायची. "सात दे" म्हटलं तर मूठभर उचलून द्यायची.

शाळेतून कागद यायचे, चित्रं मोजा आणि आकडा लिहा. एका शुक्रवारी रात्री वरून चिरंजीवांचा आवाज आला. टेबलावर पेन्सिल आपटल्याचाही आला. आणि मग ते वाक्य: "डोकं आहे की खोकं?"

मी खाली पेपर वाचत होतो. पेपर हातातच राहिला. कारण ते वाक्य माझं होतं.

हे लिहावं की नाही याचा चार दिवस विचार केला. लिहितोच. 1988 साली चिरंजीव आठ वर्षांचे होते. मी बँकेतून उशिरा घरी आलो होतो, त्या दिवशी कॅशचा मेळ लागला नव्हता. त्याला तेराचा पाढा विचारला. तो मध्येच अडला. मी "डोकं आहे की खोकं" म्हटलं, परत विचारलं, तो परत अडला, आणि मी कानशिलात मारली. त्याची चड्डी ओली झाली. उभ्या उभ्या. आठ वर्षांचा मुलगा. सौ. स्वयंपाकघरातून आली, फरशी पुसली, त्याला आत घेऊन गेली. मला एक शब्द बोलली नाही, आणि पुढचे चार दिवस बोललीच नाही. पाचव्या दिवशी, "दूध संपलंय," एवढं म्हणाली.

तर त्या शुक्रवारी रात्री तिनेही वरचा आवाज ऐकला होता. तिला 2019 मध्ये अर्धांगाचा झटका येऊन गेलाय. चालते, बोलणं बरंच सुधारलंय, पण उजव्या हातात जोर नाही. थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "उद्या शनिवार आहे. नानकटाई करू."

"कोण करणार?"

"तुम्ही दोघं. मी सांगते."

इथे सौ.बद्दल थोडं सांगायला हवं. लग्नाआधी ती आपल्या महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीतून होमसायन्स झालेली, बालविकास विषय घेऊन. ही फॅकल्टी 1950 ची, हंसाबेन मेहता कुलगुरू असतानाची. तिथे विद्यार्थिनींना नुसती पुस्तकं वाचून चालत नसे, फॅकल्टीच्याच चेतन बालवाडीत मुलांमध्ये बसावं लागे. कॉलेजच्या सहलीत ती डहाणूजवळचं कोसबाडही पाहून आली होती. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि मग ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे वारल्यांच्या मुलांना शिकवायला दुकानातली खेळणी नव्हती. बिया, पानं, खडे, शंख-शिंपले, जे आजूबाजूला असेल ते. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडीच त्यांच्या अंगणात न्यायची, ही अंगणवाडीची कल्पना ताराबाईंचीच. सरकारची अंगणवाडी 1975 ची, पुष्कळ नंतरची. हे सगळं मला ती सांगायची आणि मी "हो का" म्हणायचो. लग्नानंतर तिने एका बालवाडीत नोकरी धरली होती. मी मित्रांना सांगायचो, "आमच्या हिची मजा आहे, दिवसभर खेळायचा पगार मिळतो."

1983 मध्ये माझी बदली भावनगरला झाली. तिची नोकरी सुटली. पण ती खूश होती, कारण भावनगर म्हणजे गिजुभाईंचं गाव. गिजुभाई बधेका वकिली सोडून मुलांत रमले आणि 1920 मध्ये दक्षिणामूर्तीचं बालमंदिर काढलं. ताराबाईही काही वर्षं तिथे त्यांच्याबरोबर होत्या, आणि दोघांनी मिळून 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. एक गुजराती, एक मराठी. आपल्यासारख्या बडोदेकरांना तर ही जोडी घरातलीच वाटायला हवी. तर ही बालमंदिर बघून आली आणि म्हणाली, "आपण याला इथेच घालू." चिरंजीव साडेतीन वर्षांचे. मी एकदा बघायला गेलो. मुलं तांब्यातून पाणी ओततायत, झाडतायत, धान्य निवडतायत. मी विचारलं, "एबीसीडी कधी शिकवतात?" आणि दुसऱ्या एका इंग्रजी शाळेत नाव घातलं. ती वाद घालणाऱ्यांतली नव्हे. पण शनिवारी तिला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवून, समोर परात ठेवून मी उभा राहिलो तेव्हा मला वाटलं, चाळीस वर्षांनी का होईना, बाईंच्या वर्गात आलो.

आता प्रत्यक्ष काम. वाटीचं प्रमाण सांगतो, कारण खाली कुणीतरी विचारणारच. दोन वाट्या मैदा, अर्धी वाटी बेसन, दोन चमचे रवा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी साजूक तूप, चिमूटभर सोडा, वेलची आणि थोडं जायफळ. पण पहिल्या शनिवारी मी शहाणपणा केला. वाटी म्हणजे अंदाजपंचे, आपण वजनावर घेऊ म्हणून वजनकाटा आणला, आणि तूप वितळवून ओतलं, म्हणजे मोजायला सोपं. सौ. म्हणाली, "तूप थिजलेलंच हवं, परातीत फेसायचं, पांढरं होईपर्यंत." मी म्हटलं, तूप ते तूप. पीठ सैल झालं. तरी आम्ही गोळे केले, चार ओळी, प्रत्येकीत सहा. माझ्या मुलीच्या वयाच्या सुनेला ओव्हन लावायला बोलावलं, कारण ते बटण मला आजही नीट कळत नाही. 160 वर अठरा मिनिटं.

दार उघडलं तर पत्रा भरून एकच पोळी. सगळ्या एकमेकींत वितळून गेलेल्या. मी नातीला म्हटलं, "मोज बघू किती झाल्या."

तिने नीट निरखून बघितलं, एक बोट टेकवलं आणि म्हणाली, "एक!"

बोट आणि आकडा बरोबर जुळला तो हा पहिला. सौ. इतकी हसली की तिला ठसका लागला. मला भट्टी आठवली ती तेव्हा. आमच्या आईच्या वेळी एकशे चव्वेचाळीस घालून दोन कमी आल्या होत्या. इथे चोवीस घालून एक आली. वजनकाटा मी परत माळ्यावर टाकला.

दुसऱ्या शनिवारपासून बाईंच्या हुकमाप्रमाणे. तूप फेसायचं काम नातीचं. दोन्ही तळहात परातीत, गोल गोल. पिवळं तूप हळूहळू पांढरं होतं हे तिला जादूसारखं वाटायचं. मला वाटलं हे नुसतं काम उरकणं आहे. सौ. म्हणाली, "बोटांत जोर आल्याशिवाय पेन्सिल धरता येत नाही. शाळेचा कागद तिला अवघड जातो तो आकड्यांमुळे नाही, अर्धा बोटांमुळे." हे मला कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनेच सांगितलं असेल, मी ऐकलं नसेल.

वाटी भरायची, वरून सुरीने सपाट करायची. "भरली का?" "नाही." "आता?" "सांडली." अर्धी वाटी म्हणजे कुठपर्यंत, यावर पुष्कळ चर्चा. अर्धी वाटी दोनदा घातली की एक वाटी होते हे तिला तिसऱ्या शनिवारी आपोआप दिसलं. मी आनंदाने लगेच "एक छेद दोन" सुरू करणार होतो, सौ.ने डावा हात वर केला. बँकेत झोनल मॅनेजरने केला असता तर मी इतक्या लवकर थांबलो नसतो.

एक प्रसंग तर मी डायरीत लिहून ठेवलाय. दोन सारखे गोळे केले. "सारखेच आहेत ना?" नात म्हणाली, हो. मग तिच्या समोरच एक गोळा तळहाताने चपटा केला. "आता जास्त पीठ कशात?" तिने चपट्याकडे बोट दाखवलं, "हा मोठा आहे." मी म्हटलं, अगं, तोच गोळा आहे, काही घातलं नाही, काढलं नाही. "पण हा मोठा आहे." मी पुन्हा समजावलं. आवाज चढायला लागला हे माझं मलाच कळलं. सौ. म्हणाली, "अहो, सोडा. पियाजे नावाचा एक स्वित्झर्लंडचा माणूस होता, त्याने हेच मुलांना विचारलं. या वयाची मुलं हेच म्हणतात. साधारण सहा-सात वर्षांची झाली की आपली आपण म्हणायला लागतात की सारखेच आहेत. समजावून लवकर होत नाही." मी म्हटलं, मग आपण काय करायचं? "गोळे करायचे."

मी विचार करत बसलो. म्हणजे एखाद्या पोराला अमुक वयात अमुक गोष्ट दिसतच नाही, आणि आपण समोर उभे राहून डोकं आहे की खोकं विचारतो. आता नवीन धोरणात, 2020 च्या, तीन ते आठ वर्षं हा एकच टप्पा धरलाय, आणि गुजरातेत पहिलीसाठी सहा वर्षं पुरी लागतात म्हणून कितीतरी आईबाप वर्ष वाया गेलं म्हणून कुरकुरत होते. मीही त्यात होतो. आता नाही.

मोजणी सुधारली ती पत्र्यावर. गोळा ठेवला की आकडा म्हणायचा. गोळा हातात असेपर्यंत आकडा बोलायचा नाही, हा नियम. त्यामुळे तोंड बोटाच्या पुढे पळेना. भाषांची खिचडी मात्र चालूच होती. सौ. म्हणाली, एका पत्र्याला एक भाषा. म्हणून पहिला पत्रा मराठी, दुसरा शेजारच्या मासींसाठी गुजराती, आणि इंग्रजीसाठी पीठच उरायचं नाही! शाळेत इंग्रजी आहेच की. प्रत्येक नानकटाईवर एक चारोळी टोचायची. एकीला एक. कुणाला राहिली ती लगेच ओरडून सांगायची, "आबा, हिला नाही मिळाली!"

गरम नानकटाई मऊ असते, लगेच उचलली तर मोडते. गार होईपर्यंत थांबायचं. हे सगळ्यात अवघड, तिला आणि मला दोघांनाही. मोठा काटा तीनवरून सहावर येईपर्यंत. घड्याळ वाचायला ती अशी शिकायला लागली, अजून शिकतेय.

सगळं गोड झालं असं नाही. शाळेच्या कागदांवर अजूनही लाल खुणा येतात. मध्ये दोन शनिवार तिने "मला नाही करायचं" म्हणून परातीकडे पाठ फिरवली आणि कार्टून बघत बसली. सूनबाईंना साखरेची काळजी, रास्त आहे. त्यांनी शेजारी वाटायला लावल्या. त्यातून वाटणीचा हिशेब आला: चोवीसमधल्या सहा मासींना, सहा समोर, सहा वर, सहा खाली. आणि आमच्या सहातल्या दोन आजीच्या औषधाच्या डब्याशेजारी लपवलेल्या, ज्या हिशेबात नसायच्या. बँकेत याला वेगळा शब्द आहे.

दिवाळीच्या आधीच्या शनिवारी चिरंजीव खाली आले. मी परातीत, ती चारोळ्या मोजतेय, सौ. खुर्चीवर. तो दाराशी उभा राहून बघत होता. मग हात धुतले आणि गोळे करायला बसला. त्याचे गोळे मोठे होत होते, ती त्याला दटावत होती, "बाबा, सारखे कर ना!" तो निमूटपणे पुन्हा करत होता.

नात हात धुवायला गेली तेव्हा मी म्हटलं, "तुला एकदा मारलं होतं मी. पाढ्यावरून."

तो गोळा वळत राहिला. म्हणाला, "नाही आठवत, बाबा."

मी काही बोललो नाही. सौ.ही नाही. त्याने तो गोळा पत्र्यावर ठेवला, शेजारच्या ओळीशी जुळवला, आणि खाली बघतच म्हणाला, "तेर साते. तिथे अडलो होतो."

मग नात आली आणि विषय संपला. मला जे म्हणायचं होतं ते मी त्याला रात्री म्हटलं, ते इथे लिहीत नाही. वरून तो आवाज मात्र त्यानंतर आलेला नाही.

त्या दिवशी चोवीस ठेवल्या आणि चोवीस आल्या. नातीने दोनदा मोजल्या, एकदा मराठीत आणि एकदा मासींना ऐकवायला गुजरातीत. मग डब्यावर चिकटवायला कागद आणला, किती आहेत ते लिहायचं म्हणून. मी म्हटलं, "चोवीस." तिने म्हणत म्हणत लिहिलं, "चो... वीस," आधी 4, मग 2. डब्यावर झाले 42.

मी तोंड उघडलं. सौ.ने डावा हात वर केला. नंतर मला म्हणाली, "तिने ऐकलं तसं लिहिलं. आपण चार आधी म्हणतो ना, वीस मागून. चूक तिची आहे की मराठीची?" सत्तरी उलटली, आकड्यांत आयुष्य गेलं, हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं.

तो डबा यंदा परत काढलाय. कागद तसाच ठेवलाय, 42. परवाच्या घाण्यातल्या आत तीन उरल्यात, आणि उद्या शनिवार आहे. तुमच्यापैकी कुणाच्या घरी त्या भट्टीवरचे जुने पत्रे अजून असतील तर कळवा, मला एक हवाय. आठ आणि सहाच्या ओळी बसतील असा.